ताडपत्रीखालची आरएक्स मातीत उतरवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

दर काही महिन्यांनी पेपरात तो फोटो येतोच. रस्त्यावर ओळीने मांडलेले सायलेन्सर, मागे उभे पोलीस आणि समोरून येणारा रोडरोलर. लोकांत दोन तट पडतात. एक म्हणतो बरं झालं, रात्री झोप लागत नव्हती. दुसरा म्हणतो, अहो, मॉडिफिकेशन हा छंद आहे, गुन्हा नव्हे.

आणि जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तेव्हा मातीच्या ढिगांवरून उडणाऱ्या गाड्या बघायला गर्दी लोटली. त्या गाड्या परदेशी, किमती काही लाखांत. पण परत येताना कित्येकांच्या डोळ्यांसमोर घरामागे ताडपत्रीखाली उभी असलेली बाबांची आरएक्स १०० आली असणार. तिचं असं काही होईल का?

होईल. आपल्याकडच्या हौशी डर्ट रेसिंगमध्ये वर्षानुवर्षं हेच चालत आलंय: यामाहाची आरएक्स, सुझुकीच्या शोगन, शाओलिन अशा जुन्या टू-स्ट्रोक गाड्या घ्यायच्या, गावातल्या मेस्त्रीला हाताशी धरायचं, लेथवाल्याकडे चकरा मारायच्या आणि मातीत उतरायचं. फक्त त्यात काय बदलतात आणि का बदलतात, हे नीट कुणी सांगत नाही. मेस्त्री सांगतो, पण त्याच्या भाषेत.

## हीच गाडी का?

यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ बीएचपी, वजन जेमतेम शंभर किलो. आकड्यांत काही नाही. पण ताकदीला वजनाने भागलं की ही गाडी त्या काळच्या बाकीच्यांना का मागे टाकायची ते कळतं. शिवाय इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. हेड आणि बोअर (मेस्त्रीच्या भाषेत सिलिंडर) साध्या पान्यांनी उतरतात. जे मेस्त्रीला अंगणात बसून उघडता येतं, ते हौशी माणसाला परवडतं.

मातीचा ट्रॅक लहान असतो. वळण, उंचवटा, उडी, परत वळण. सरळ रेषेत शंभरचा वेग गाठायला तिथे जागाच नसते. त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘टॉप किती जाते?’ हा प्रश्न डोक्यातून काढून टाकावा.

माझ्या मते पैसे खर्च करायचा क्रम असा: टायर आणि ब्रेक, मग सस्पेन्शन, मग चेन-स्प्रॉकेट, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात नव्वद टक्के पोरं नेमकं उलट करतात. त्यांचं सगळं लक्ष इंजिनावर असतं, म्हणून समजावायला सुरुवातही तिथूनच करू.

## टू-स्ट्रोकच्या पोटात

फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवा आत घ्यायला एक दार आणि धूर सोडायला दुसरं, दोन्हीला उघडझाप करणारे व्हॉल्व्ह. टू-स्ट्रोकमध्ये दारं म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली नुसती भोकं. त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली गेला की ती उघडी पडतात, वर आला की झाकली जातात. पिस्टनच दरवाजा, पिस्टनच दरवान.

अडचण अशी की खालच्या टोकाला दोन्ही प्रकारची पोर्ट एकाच वेळी उघडी असतात. जळलेला धूर एका बाजूने बाहेर पडतोय आणि ताजं मिश्रण दुसऱ्या बाजूने आत घुसतंय. दोन्ही बाजूंना फलाट असलेल्या स्टेशनात गच्च लोकल थांबली की काय होतं? एका दारातून चढलेला माणूस गर्दीच्या रेट्याने पलीकडच्या फलाटावर जाऊन पडतो. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या पेट्रोलचं हेच होतं. बरंचसं न जळताच सायलेन्सरमधून निसटतं. जुन्या टू-स्ट्रोकचं मायलेज कमी आणि धूर जास्त, त्याचं एक मोठं कारण हे. पलीकडच्या फलाटावर कुणीतरी उभं राहून, दार बंद व्हायच्या आत त्या माणसाला परत आत ढकललं तर?

ते काम सायलेन्सर करतो.

## सायलेन्सरची पुंगळी काढली की ताकद वाढते का?

नाही. टू-स्ट्रोकमध्ये तर बहुतेकदा कमीच होते, फक्त आवाज वाढल्यामुळे वाढल्यासारखी वाटते.

रेसच्या टू-स्ट्रोकला मधेच फुगलेला आणि दोन्हीकडे निमुळता होत गेलेला पाइप असतो. त्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात, आपण नुसतं चेंबर म्हणू. एक्झॉस्ट पोर्ट उघडलं की दाबाची लाट पाइपमधून धावत सुटते. पाइप रुंदावत जातो तिथून तिचा एक उलटा परिणाम मागे येतो आणि सिलिंडरमधला धूर खेचून काढतो. मग लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटते, परत फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या जरा आधी पोहोचून निसटलेलं ताजं मिश्रण आत ढकलते. पुंगळी काढली, शेवटची नळी मोठी केली, की चेंबरमधला हा दाबच बिघडतो. उलट ती नळी फार बारीक केली तर इंजिन तापून पिस्टन जातो.

सगळा खेळ वेळेचा आहे आणि तो कागदावर मांडता येतो. ७५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७५०० फेरे असताना, इंजिनाचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत पुरा होतो. एक्झॉस्ट पोर्ट फेऱ्याचा साधारण अर्धा भाग, म्हणजे १८० अंश, उघडं असतं असं धरू. लाटेच्या हातात ४ मिलिसेकंद आले. गरम धुरात ती सेकंदाला अंदाजे ५१८ मीटर धावते. म्हणजे जाऊन-येऊन सुमारे २.०७ मीटर, एका बाजूचं अंतर १ मीटर ४ सेंटीमीटर. आता हेच गणित ९५०० आरपीएमला केलं तर अंतर येतं जवळपास ८२ सेंटीमीटर. म्हणजे जास्त आरपीएमला ताकद हवी तर चेंबर आखूड, कमी आरपीएमला हवी तर लांब. दोन्हीकडे एकच पाइप चालत नाही. ‘सगळ्या गाड्यांना बसेल’ असं सांगून विकला जाणारा चेंबर घेताना हे गणित आठवावं.

## या पाइपचं गुपित घेऊन एक माणूस देश सोडून पळाला

हे थोडं विषयांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने हा चेंबर, पोर्ट आणि इनलेट यांची जुळणी इतकी पक्की बसवली की १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर द्यायला लागलं. लिटरमागे २०० हॉर्सपॉवर, टर्बो-बिर्बो काही नाही. त्याचा रेसर अर्न्स्ट डेगनर त्या वर्षी विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता.

सप्टेंबर १९६१ मध्ये स्वीडनच्या रेसमध्ये डेगनरचं इंजिन बंद पडलं आणि तो तिथूनच पश्चिमेकडे निसटला. बर्लिनची भिंत उभी राहून महिनाभर झाला होता. त्याच्या बायको-मुलांना गाडीच्या डिकीत लपवून सीमेपार काढलं गेलं. डेगनर हे गुपित घेऊन गेला सुझुकीकडे आणि १९६२ चं ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीने त्याच्यासोबत मिळवलं. टू-स्ट्रोकमध्ये तोवर चाचपडणाऱ्या जपानी कंपन्यांना पुढे मागे वळून बघावं लागलं नाही. आपल्या गल्लीतल्या शोगनच्या आवाजाचं मूळ शोधत गेलात तर कुठेतरी या माणसापर्यंत पोहोचाल.

## बोअर घासायचा म्हणजे काय करायचं?

याला पोर्टिंग म्हणतात. पोर्टची उंची आणि रुंदी बदलली की दार किती वेळ उघडं राहतं ते बदलतं.

चांगला मेस्त्री आधी नकाशा घेतो. बोअर साफ पुसायचा, आतून बटर पेपर गुंडाळून चिकटवायचा आणि पेन्सिलीची आडवी शिस पोर्टांच्या कडांवरून फिरवायची. कागद बाहेर काढून टेबलावर पसरला की सगळ्या पोर्टांचे ठसे एका ओळीत दिसतात. कारखान्यातून आलेल्या बोअरमध्येही डावं पोर्ट उजव्यापेक्षा जरा खाली असल्याचं अनेकदा दिसतं. निम्मं काम दोन्ही बाजू सारख्या करण्याचं असतं. मग ग्राइंडरचा बारीक बर, म्हणजे घासायचं दातेरी टोक, घेऊन आतून, एका वेळी थोडं थोडं. शेवटी प्रत्येक कडेला हाताने गोलाई, कारण धार राहिली तर पिस्टनची रिंग तिथे अडकून तुटते.

आरएक्सच्या बोअरचा आतला व्यास ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तीही ५०. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड फक्त १ मिलिमीटर वर सरकवली की ते उघडं राहण्याचा काळ साधारण साडेचार अंशांनी वाढतो. २ मिलिमीटर घासलं तर नऊ. ऐकायला किरकोळ, पण एवढ्यात गाडीचा स्वभाव पालटतो. रुंदीलाही मर्यादा आहे. बोअरच्या व्यासाच्या ६५-७० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे इथे ३५ मिलिमीटरच्या पलीकडे गेलात की रिंग भोकात फुगून अडकायची भीती. घासलेलं परत भरता येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याने जुना, भंगारातला बोअर घेऊन हात बसवावा.

## ताकद वाढते तर अजून का घासू नये?

वाढते, पण जागा बदलते. पोर्ट उंच, चेंबर आखूड, कार्बोरेटर मोठा असं सगळं केलं की इंजिन वरच्या आरपीएमला बेफाम होतं आणि खाली मेल्यासारखं. मधल्या ज्या टप्प्यात ते खरं ओढतं त्याला पॉवरबँड म्हणतात. जेवढी ताकद ताणाल तेवढा हा टप्पा अरुंद.

आरएक्स १०० ला गिअर चारच. दोन गिअरमधलं अंतर मोठं. वरचा गिअर टाकला की आरपीएम धाडकन खाली येतो आणि अरुंद पॉवरबँडच्या बाहेर जाऊन पडतो. मग क्लच ओढून परत वर चढवायचं, तोवर पुढचं वळण आलेलं. चिखलाच्या वळणातून बाहेर पडताना तर अशी गाडी आधी घों-घों करते आणि मग एकदम झटका देऊन मागचं चाक बाजूला फेकते. हौशी रेसरला खालून नीट ओढणारी १३ बीएचपीची गाडी मिळाली तर तो १८ बीएचपीच्या नखरेल गाडीपेक्षा पुढे संपवेल, असं मी पैजेवर सांगेन.

पिकअपचा सगळ्यात स्वस्त उपाय चेनमध्ये आहे. समजा पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात आणि मागच्याला ४२, प्रमाण झालं ३. पुढचं १३ चं घातलं की ३.२३. मागच्या चाकाची ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढली, टॉप तेवढाच कमी झाला, जो आपल्याला नकोच होता. खर्च काही शे रुपये.

## खरी लढाई सस्पेन्शनची

रस्त्यावरची गाडी खड्ड्यातून जाते. मातीतली गाडी हवेतून खाली येते. आरएक्सचे पुढचे फोर्क आणि मागचे दोन शॉकअब खड्ड्यासाठी बनवलेत. पहिल्या मोठ्या उडीनंतर ते तळाला टेकतात आणि उरलेला दणका तुमच्या मणक्याला, किंवा फ्रेमच्या जोडाला.

पुढे फोर्कमध्ये जाड ऑइल, कडक स्प्रिंग, वर स्पेसर, असं बरंच निभावतं. मागे मात्र लोक एक जुनी युक्ती करतात. शॉकअबची खालची बैठक मागच्या चिमट्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर, चाकाच्या एक्सलजवळ असते. ती पुढे सरकवायची. समजा शॉकअब ७५ मिलिमीटर दबतो. बैठक एक्सलपाशी असेल तर चाकही साधारण तेवढंच हलतं. तीच बैठक चिमट्याच्या दोन-तृतीयांश लांबीवर आणली, की चाक दीडपट, म्हणजे ११२ मिलिमीटर हलतं. फुकटची दीडपट!

फुकट काही नाही. चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा दीडपटीने नाही, दीडच्या वर्गाने कमी होतो. म्हणजे जुनाच शॉकअब आता सव्वादोन पट मऊ झाला. तेवढी कडक स्प्रिंग घातली नाही तर गाडी बसल्या बसल्याच खाली बसते. शिवाय आता सगळा दणका चिमट्याच्या मधोमध येतो, जिथे तो सोसायला तो बनलेलाच नाही. म्हणून तिथे पट्ट्या वेल्ड करून जोर द्यावा लागतो, आणि शॉकअबची वरची बैठक फ्रेमवर पुढे घेतली तर तिथेही. दर रेसनंतर माती धुऊन या वेल्डवर बोट फिरवावं. रंगात केसासारखी रेघ दिसली तर तो तडा असतो.

जगाच्या मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत, हा प्रश्न सत्तरच्या दशकात सुटला. बेल्जियमच्या लुसियाँ तिल्केन्सच्या कल्पनेवरून यामाहाने मागे एकच लांब शॉकअब लावला आणि १९७३ मध्ये हाकन अँडरसनने त्यावर २५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. त्याआधी मागचं चाक चारेक इंच हलायचं, आजच्या मोटोक्रॉस गाडीचं बारा इंच हलतं.

म्हणूनच परदेशात जुन्या गाड्यांच्या हौशी रेसिंगचे नियम मुख्यतः सस्पेन्शनवर बेतलेले असतात. अमेरिकेतली एएचआरएमए ही संस्था व्हिंटेज गटात पुढच्या चाकाला ७ आणि मागच्या चाकाला ४ इंचांची चाल, म्हणजे वर-खाली हालायला जागा, देते, त्यापुढे नाही. आपलं वरचं ११२ मिलिमीटरवालं उदाहरण तिथल्या तपासणीत बाद, कारण ४ इंच म्हणजे १०२. नियम जाचक वाटेल, पण त्यामुळेच साठ-सत्तरच्या दशकातल्या सीझेड आणि हुस्कवार्ना गाड्या अजून एकमेकांशी बरोबरीने धावतात. हा नियम काढला तर शर्यत वेल्डिंग मशीनची होईल. (सीझेड हे आपल्या येझदीच्या मूळ जावाचंच चेकोस्लोव्हाक भावंड. ज्योएल रोबेअर १९६४ मध्ये २५० सीसीचा विश्वविजेता झाला तो सीझेडवरच.)

## ई-२० पेट्रोलचं काय?

हा प्रश्न गेली वर्ष-दोन वर्षं प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला छळतोय. टू-स्ट्रोकच्या बाबतीत काळजी खरी आहे.

शुद्ध पेट्रोलचा एक भाग जळायला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात. २० टक्के इथेनॉल मिसळलं की साडेतेराच्या आसपास. म्हणजे कार्बोरेटरमधला जुनाच जेट, म्हणजे इंधन सोडणारं बारीक भोक, ठेवला तर इंजिनाला गरजेपेक्षा साताठ टक्के कमी इंधन मिळतंय. मिश्रण पातळ, इंजिन गरम.  फुल थ्रॉटलवर लांब चढ, आणि गाडी धरते, म्हणजे पिस्टन बोअरमध्ये चिकटतो. उपाय साधा आहे: मेन जेट एक-दोन नंबर मोठा घाला, फुल थ्रॉटलवर पळवा, तिथेच बंद करून प्लग काढून बघा. पांढरट असेल तर अजून कमी पडतंय, तपकिरी असेल तर ठीक, काळा आणि ओला असेल तर जास्त झालं.

दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत महिनाभर राहिलेलं पेट्रोल तळाशी वेगळं होऊ शकतं, आणि जुने रबरी पाइप, ओ-रिंग फुगतात. रेसचं मिश्रण त्या दिवसापुरतंच करावं आणि घरी आल्यावर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत.

## त्यापेक्षा एक्सपल्स घेतलेली काय वाईट?

अजिबात वाईट नाही. हिरो एक्सपल्स २०० ला रॅली किट लावलं की पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटरची चाल मिळते. एवढं आरएक्सवर मिळवायला गाडीच नव्याने बांधावी लागेल. ज्याला फक्त मातीत चालवायचं आहे, मोडतोड करत बसायचं नाही, त्याने तीच घ्यावी. पण तिचं वजन दीडशे किलोच्या वर आहे. पडल्यावर उचलताना हा पन्नासेक किलोंचा फरक चांगलाच कळतो. आणि काही माणसांना चालवण्याइतकंच उघडण्यात सुख असतं. त्यांच्याशी वाद घालू नये.

एक आक्षेप मात्र मला पटतो. चांगल्या, एकहाती वापरलेल्या, मूळ रंगाच्या आरएक्स १०० ची फ्रेम कापू नये. अशा गाड्या आता कमी उरल्यात. त्यापेक्षा आरएक्स १३५ किंवा शोगनचा सांगाडा शोधा, पण चासी आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून घ्या. आरएक्स चोरांचीही लाडकी आहे.

## आणि पोलिसांचं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे म्हटलं. त्यामुळे चेंबर, घासलेला बोअर आणि सरकवलेले शॉकअब घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतही जायचं नाही. आरटीओत जाऊन नोंदणी रद्द करा आणि गाडी फक्त ट्रॅकवर चालवा, किंवा मूळ भाग जपून ठेवून दुसऱ्या सांगाड्यावर रेसची गाडी बांधा. ट्रॅकवर न्यायची ती छोट्या टेम्पोत, बांधून.

अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाचं लायसन्स लागतं. रेसआधी गाडीची तपासणी होते. लिव्हरची टोकं गोळ्यासारखी बोथट हवीत, हँडलची टोकं बंद हवीत, फुटरेस्ट दुमडणारे हवेत. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे आणि स्टँड काढलेले हवेत. मनगटाला दोरी बांधून जोडायचा किल-स्विच हवा, म्हणजे तुम्ही पडलात की गाडी आपोआप बंद होते. हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचे गार्ड आणि घोट्याच्या वर जाणारे बूट यांचा खर्च गाडीच्या खर्चात पहिल्या दिवशीच धरा. बूट जुने चालतील, हेल्मेट जुनं घेऊ नका.